माशीला ऊद कळत नाही

पूर्व आफ्रिकेजवळच्या पेंबा बेटावरच्या वेटे गावात लग्न ठरलं की नवरीचा बाप मौलवींकडे जायचा आणि नवरीची आई म्वाकाकडे. मौलवी एक नाही तर दुसरे मिळाले असते, म्वाका एकच होती. लग्नाआधी सात दिवस नवरीला चंदनाचं उटणं लावायचं, तिच्या कानात चार शहाणपणाच्या आणि चार चावट गोष्टी घालायच्या, हातापायांवर मेंदी काढायची आणि निकाहाच्या दिवशी तिचे कपडे उदाच्या धुरावर धरायचे, हे सगळं तिचं काम. तिची मेंदीची रेघ इतकी सरळ असायची की म्हाताऱ्या म्हणत, मुंगीला त्या रेघेवर सोडा, वाकडी जायची नाही.

ऊद ती घरीच शिजवायची. चंदनाचा भुसा, साखरेचा पाक, गुलाबपाणी आणि आणखी दोन जिन्नस, जे तिनं पोटच्या मुलीलाही सांगितले नव्हते. पाक जमला की नाही ते ती जिभेवर घेऊन बघायची. बारा वर्षांपासून मधुमेह होता, तरी बघायची. "एवढ्याशा थेंबानं काय होतंय?" म्हणायची. असे थेंब दिवसातून किती, हे तिनं कधी बघितलं नाही. गोळ्याही घ्यायची, पण आठवण झाली तर.

मधुमेहानं तिचे तळवे केव्हाच झोपवले होते. चालताना पायातली चप्पल निसटायची आणि हिला पत्ता नसायचा. दहा पावलं गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं. ती हसून परत फिरायची. पाय दुखत नाही अशी तक्रार घेऊन दवाखान्यात कोण जातं?

शिवाय दवाखान्याचं नाव काढलं की ती विषयच बदलायची. चौपन्न वर्षांची बाई, नवरा मचव्यासकट बुडाला तेव्हाही ताठ उभी राहिलेली. पण करवतीला भ्यायची. नऊ वर्षांपूर्वी तिच्या आईचा, बिकोंबोचा, उजवा पाय गुडघ्याखाली कापला होता आणि चाळिसाव्या दिवशी बिकोंबो गेली होती. कागदावर सही म्वाकानं केली होती. तेव्हापासून तिनं मनाशी गाठ मारली होती: मरेन, पण पायासाठी त्या दारात जाणार नाही.

लवंगा उतरवायचे दिवस होते. घराघरापुढे चटयांवर लवंगा वाळत पडल्या होत्या आणि त्या वासानं डोकं जड व्हायचं. एका शुक्रवारी म्वाकानं आंघोळ केली, धुपाटण्यात निखारे घातले, वर ऊद टाकला आणि आमच्याकडच्या सगळ्या बायका उभ्या राहतात तशी धुपाटण्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिली. अंगाभोवती खांग्याचं छापील कापड जमिनीपर्यंत सोडलं आणि धूर आत कोंडून घेतला. डोळे मिटले. थोड्या वेळानं तिला मांस भाजल्याचा वास आला.

"काय गं, आज सकाळीच मांस चढवलंस होय?" तिनं कुडापलीकडच्या शेजारणीला विचारलं.

"मांस कुठलं बाई! कसाव्याचा पाला शिजतोय," शेजारीण म्हणाली. "तुझ्याकडूनच येतोय तो वास. एकटी एकटी खातेस वाटतं!"

म्वाकानं कापड उचललं. धुपाटणं तडकलं होतं आणि त्यातून घरंगळलेला एक निखारा तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला चिकटून निवांत जळत होता. तिला काहीही जाणवत नव्हतं. तिनं किंचाळून पाय झटकला. दुखलं असतं तर ती एवढी किंचाळली नसती.

माणूस खोटं बोलायला लागला की पहिलं गिऱ्हाईक तो स्वतःच असतो. "फोड आहे, बसेल," म्वाका स्वतःला म्हणाली. मेंदी थंड असते, म्हणून तिनं करंगळीवर मेंदी थापली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थापली. आठ दिवसांत करंगळी काळी झाली. ती मेंदीनं काळी झाली की आणखी कशानं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं, आणि तिला ते सांगता यायला नकोच होतं. मग दोन्ही पायांना नक्षी काढून टाकली, म्हणजे एकाच पायाकडे कुणाचं लक्ष जायला नको.

मग वास यायला लागला. त्यावर तिच्याकडे औषध होतंच. सकाळी ऊद, संध्याकाळी ऊद, पाहुणे यायच्या आत ऊद.

तिची मुलगी झुवेना शाळेत मास्तरीण होती. ती एकदा दप्तर टाकत म्हणाली, "आई, घर नुसतं घमघमतंय हल्ली. तुला कुणी मागणी घालायला येणार आहे का? मला आधी सांग हं, मी लाडू करते."

"येईल की. तुझ्याआधी माझंच जमेल असं दिसतंय," म्वाका म्हणाली. दोघी हसल्या. पण मुलगी पाठमोरी होताच म्वाकानं घाईनं निखाऱ्यावर आणखी ऊद टाकला, कारण हसताना तिनं पाय हलवला होता आणि वास उदाला डावलून वर आला होता.

दुसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरायला लागली. तिनं दुकानातून हिवतापाच्या गोळ्या आणल्या. पाऊल सुजून पावासारखं झालं, चपलेत मावेना. ती नवऱ्याच्या जुन्या चपला घालून हिंडू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याची आठवण येते." ते ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पुढचा प्रश्न राहून जायचा.

अशातच नस्राचं लग्न आलं. नस्रा म्हणजे बंदराजवळच्या जहाजवाल्यांची थोरली. तिच्या मेंदीच्या दुपारी अंगणात तीस-चाळीस बायका जमल्या होत्या, डफ वाजत होते, परातीत हलवा होता, आल्याची कॉफी फिरत होती. म्वाका चटईवर नवरीसमोर बसली होती. अंगात ताप होता, डोळ्यांपुढे रेघा तरंगत होत्या, तरी हात चालत होता. डावा पाय तिनं खांग्याखाली ओढून घेतला होता आणि शेजारीच धुपाटणं ठेवलं होतं.

तिची धाकटी नणंद किडावा समोर येऊन बसली. किडावा म्हणजे फाटक्या तोंडाची बाई; लग्नात, मयतीत, कुठेही गप्प बसायची नाही आणि तिच्या हातात हलव्याचा तुकडा नाही असं कधी झालं नव्हतं. गावातल्या निम्म्या भांडणांची सुरुवात तिच्या एखाद्या वाक्यानं झालेली असायची.

"वहिनी, एक विचारू का?" किडावा म्हणाली.

"नको म्हटलं तर विचारायची राहणारेस?"

"इथे हलवा उघडा पडलाय. नवरी गुलाबपाण्यात भिजलीय. तरी सगळ्या माश्या तुझ्याच पायावर कशा गं? तुझा पाय हलव्यापेक्षा गोड आहे की काय?"

बायका खदखदून हसल्या. म्वाकानंही हसायचा प्रयत्न केला. खरंच खांग्याच्या त्या टोकावर सात-आठ माश्या बसल्या होत्या. तिनं हातानं उडवल्या. त्या एक घिरटी घालून पुन्हा तिथंच बसल्या. धुपाटण्यातून धुराचा लोट येत होता, माणसांना त्यापलीकडचं काही कळत नव्हतं. पण माशीला ऊद कळत नाही.

किडावा हसता हसता पुढे वाकली आणि तिनं खांग्याचं टोक उचललं. मग तिचं हसू थांबलं. डफ वाजवणाऱ्या बायकांचं लक्ष नव्हतं, त्या वाजवतच राहिल्या.

"वहिनी, हे काय आहे?"

"मेंदी."

"मेंदीतून पाणी गळत नाही."

म्वाकानं नवरीचा हात पुन्हा पुढे ओढला आणि मेंदीची नळी टेकवली. नवरीच्या मनगटावर एक वाकडी रेघ उमटली. म्वाकाच्या हातची ती पहिली वाकडी रेघ असेल.

"ऊठ," किडावा म्हणाली.

"किडावा, तुझ्या पाया पडते, आत्ता ओरडू नकोस. नवरीचा एक हात राहिलाय."

"नवरी एका हातानं लग्न करेल. तुला एक पाय पुरणार आहे का?" किडावाचा आवाज एवढा चढला की डफही थांबले. "माझं तोंड फाटकं असेल, पण डोळे शाबूत आहेत. ऊठ म्हणते ना!"

सगळ्या गावासमोर लाज गेली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्वाकाला झालं. पण लाजेपेक्षा मोठं भय तिच्या छातीवर येऊन बसलं होतं. दोन बायकांनी तिला काखेत धरून उचललं तेव्हा ती नेसत्या वस्त्रानिशी पळून जायला बघत होती, आणि पळायला तिच्याजवळ पाय नव्हता.

दवाखान्यात पायांच्या जखमांची एक वेगळी खोली होती. तिथे सिस्टर रिझिकी होती. लहानखुरी, कडक, नाकाला रुमाल न लावणारी. तिनं मेंदी धुवायला घेतली. पाणी तांबडं झालं, मग काळं झालं, मग आणखी कसलं तरी झालं. झुवेना शाळेतून धावत आली होती. ती दाराशीच भिंतीला टेकून खाली बसली.

"किती दिवस?" रिझिकीनं विचारलं.

"चार-पाच," म्वाका म्हणाली.

"मावशी, मी हे काम अकरा वर्षं करतेय. मला नका सांगू."

"तीन आठवडे."

डॉक्टर शाआमे आले. त्यांनी एक बारीक बोथट सळई घेऊन जखमेत घातली. सळई आत गेली, आणखी आत गेली, आणि टक् असा आवाज झाला. तो हाडाचा आवाज होता. म्वाकाला तो ऐकू आला, जाणवला मात्र नाही. आपल्या पायात लोखंड शिरतंय आणि आपण ते दुसऱ्याच्या पायात शिरावं तसं बघतोय, हे तिला सहन होईना. तिनं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली.

"लागते," ते म्हणाले. "पायात रक्त येतंय, म्हणजे भांडायला जागा आहे. हे बघा, म्वाकाबाई, करंगळी गेलेली आहे, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. आत पू भरलाय, तो पाऊल चिरून आजच काढायचा. सडलेलं सगळं काढायचं. मग उद्या सकाळपर्यंत वाट बघायची. विष खाली उतरलं तर पाय वाचला. वर चढलं तर गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर तुम्ही जाल."

"कापणार नाही असं लिहून द्या."

"तसं लिहून कोण देईल? पण कापावा लागू नये म्हणूनच मी आज जेवायला जाणार नाहीये."

"मी सही करणार नाही," म्वाका म्हणाली. "अशीच सही करून मी माझ्या आईला मारलंय. पाय कापला नि चाळीस दिवसांत गेली ती."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. आवाज चढवला नाही. "किती दिवसांनी आणलं होतं त्यांना?"

"आठवत नाही."

आठवत होतं. सगळं आठवत होतं. बिकोंबोच्या टाचेला शिंपला लागला होता आणि ती दवाखान्याला भ्यायची, म्हणून सगळ्यांनी मिळून वाट पाहिली होती. महिनाभर. खोलीत कुणी बसू शकत नव्हतं तेव्हा खाटेखाली धुपाटणं सारलं जायचं, सकाळ-संध्याकाळ. ते सारणारा हात म्वाकाचाच होता. "आईला घाण वास आवडत नाही," असं ती भावजयांना सांगायची. नऊ वर्षं तिनं करवतीला शिव्या घातल्या होत्या आणि त्या धुपाटण्याची तिला एकदाही आठवण झाली नव्हती. आता झाली, आणि तिच्या तोंडून असा हुंदका आला की झुवेना दारातून उठून जवळ आली.

"आई, कर सही," झुवेना म्हणाली. "मी तुझा हात सोडत नाही."

म्वाकानं सही केली.

नेण्याआधी रिझिकी तिच्या नडगीवर तळहाताची मागची बाजू फिरवत होती, घोट्यापासून वर, हळूहळू. "आपल्या रंगावर लाली दिसत नाही, मावशी. म्हणून हातानं बघायचं. जिथे हाताला गरम, ऊन लागायचं थांबतं, तिथे विष थांबलंय." नडगीच्या मध्याशी तिचा हात थांबला. तिनं खिशातलं पेन काढून तिथे पायाभोवती रेघ मारली. "उद्या सकाळी ऊन या रेघेच्या खाली असायला हवं."

म्वाका त्या रेघेकडे बघत राहिली. निळी, फिकी, जागोजागी तुटलेली रेघ. तिच्या अंगाला तापाचा घाम सुटला होता आणि रेघ आत्ताच विरघळायला लागली होती.

"सिस्टर, ही सकाळपर्यंत टिकायची नाही," ती म्हणाली. "पुसली गेली तर तुम्ही अंदाजानं ठरवाल. माझा पाय अंदाजानं नाही जाऊ द्यायचा मला. झुवेना, माझी पिशवी दे."

रिझिकीनं पिशवीतली नळी उलटसुलट करून पाहिली. "काळा रंग नाही ना यात?"

"साधी मेंदी. नवरीची आहे."

"जखमेपासून लांब आहे, काढा. लवकर."

म्वाकानं हजारो पायांवर मेंदी काढली होती. वेली, कुयऱ्या, जाळ्या. स्वतःच्या पायावर ही एकच साधी रेघ काढताना तिचा हात इतका कापला की झुवेनाला मनगट धरावं लागलं. रेघ वाकडीतिकडी झाली, पण पक्की झाली. मग तिला आत नेलं.

कमरेखाली सुईनं बधिर केलं. जे आधीच मेलं होतं ते आणखी मेलं. मध्ये हिरवा पडदा होता. पलीकडून पाणी ओतल्याचे, कात्रीचे, बादलीत काहीतरी पडल्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला ती कान देत होती: ही करवत तर नाही? एकदा खरंच काहीतरी घरघरलं आणि तिनं मरताना म्हणायचा कलमा सुरू केला. "खिडकीतला पंखा आहे," सिस्टर म्हणाली.

बाहेर आणल्यावर तिनं आधी चादरीखाली हात घालून पाऊल चाचपलं. मोठ्ठं बोचकं होतं, पण होतं. त्यानंतर सकाळ होईतो तिनं काय केलं ते कुणी विचारू नये. तळहाताची मागची बाजू नडगीवर ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. कधी ऊन रेघेखाली वाटायचं, कधी रेघेवर. शेवटी हातच इतका तापला की हाताचं ऊन कोणतं नि पायाचं कोणतं, हेही कळेना.

सकाळी रिझिकी आली. वाळलेली मेंदी झटकली. खाली नारिंगी रेघ लख्ख उमटली होती. म्वाकानं डोळे घट्ट मिटून घेतले. रिझिकीचा थंड हात वरून खाली येत होता. रेघेपाशी थांबला.

"दोन बोटं खाली," रिझिकी म्हणाली. "मावशी, ऐकताय ना? दोन बोटं खाली उतरलंय."

झुवेना ओक्साबोक्शी रडायला लागली. म्वाकाला रडूही येईना. तिनं फक्त विचारलं, "परत चढणार नाही ना?" आणि रिझिकीनं "नाही" म्हटलं नाही.

परत चढलं नाही, पण एवढ्यानं सुटकाही झाली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचं बोटही काढावं लागलं. पावलाच्या कडेला हातभर पट्टी मावेल अशी खाच पडली. ती शिवायची नव्हती. तळापासून भरून यायला हवी होती. रोज मिठाचं पाणी, रोज पट्टी, रोज पोटात इन्सुलिनची सुई. रिझिकी मेलेलं मांस खरवडायची आणि म्वाका चहा पीत बघायची. दुखत नव्हतं, याचीच तिला भीती वाटायची. दुखलं असतं तर सोबत तरी झाली असती.

किडावा दर गुरुवारी यायची आणि येताना मुद्दाम तो खांगा नेसून यायची, ज्याच्या काठावर छापलं होतं, "मी बोलले म्हणून वाईट झाले." खाटेवर बसून आजाऱ्यासाठी आणलेला हलवा स्वतःच खायची. "तुला चालत नाही ना गं वहिनी," म्हणायची.

महिन्याभरानं जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसायला लागले, डाळिंबासारखे. "हे जिवंत मांस," रिझिकी म्हणाली. "आता एकच काम करायचं. पाय टेकायचा नाही." ते मात्र सगळ्यात कठीण होतं. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात झुवेनानं ठेवलेला पाक उतू चालला आणि म्वाका कुबड्या विसरून चुलीपर्यंत चालत गेली. फक्त सहा पावलं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत रक्ताचे सहा ठसे उमटले होते, आणि तिला ते मागे वळून पाहिल्यावर दिसले.

"दोन महिन्यांची मेहनत सहा पावलांत घालवलीत!" रिझिकी एवढी चिडली की तिच्या हातातली पट्टी खाली पडली. त्या दिवशी म्वाका घरी येऊन खाटेवर बसली आणि तिनं नडगीवरची फिकी पडलेली रेघ पुन्हा मेंदीनं गडद केली. तेव्हापासून दर दहा दिवसांनी ती रेघ नवी होऊ लागली. रोज सकाळी नमाजानंतर हाताची मागची बाजू नडगीवर. झुवेना म्हणायची, "आई, आता बरं होतंय ना, पूस ती रेघ." म्वाका ऐकायची नाही.

जखम बुजायला सहा महिने लागले. टायरचा जाड तळ असलेली, कडेला मोकळी अशी एक चप्पल चांभाराकडून करून घेतली. लवंगा पुन्हा उतरवायला आल्या तेव्हा म्वाका परत कामाला लागली, पण स्टुलावर बसून, आणि एक नवा नियम घेऊन. नवरीबरोबरच्या वयस्क बायकांना मेंदी हवी असेल तर आधी तळवा दाखवायचा. डोळे मिटायचे. तळवा जागा आहे की झोपलाय, ते दवाखान्यात रिझिकी नायलॉनचा दोरा टेकवून बघायची. म्वाकाकडे खराट्यातला बारीक हीर होता. तो तळव्याला लावला की "लागला" म्हणायचं. बायका कुरकुरायच्या, गुदगुल्या होतात म्हणून किंचाळायच्या. "म्वाका आता नवरीऐवजी सासवांची परीक्षा घेते," असं गावभर झालं होतं.

नस्राच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. तेच अंगण, तेच डफ, तीच परात. नवरीचा उजवा हात रंगवून झाला होता, डावा राहिला होता, तेवढ्यात किडावा आली आणि नवरीला बाजूला सारून तिनं आपला पाय म्वाकाच्या मांडीवर ठेवला.

"आधी माझा काढ गं वहिनी. नवरी काय, दिवसभर बसणारच आहे."

"डोळे मीट."

"अगं, मला कशाला? माझे पाय घोड्यासारखे आहेत. काल रॉकेलचा डबा पडला पायावर, हूं की चूं केलं नाही मी."

म्वाकानं एकदम तिच्याकडे पाहिलं. "मीट म्हणते ना."

किडावानं तोंडातला हलवा गिळला आणि नाटकीपणानं डोळे मिटले. म्वाकानं हीर अंगठ्याच्या गादीला लावला. मग करंगळीखाली. मग टाचेला. थांबली. पुन्हा अंगठ्याला लावला, आणि या वेळी दाबला.

भोवतीच्या बायका हसत बघत होत्या. एकेक जण हसायची थांबली. डफ थांबले.

"लाव की आता!" किडावा डोळे मिटूनच म्हणाली. "किती वेळ नुसती बसवून ठेवणारेस? हीर शोधायला नारळीवर चढलीस की काय?"

कुणी हसलं नाही. त्या शांततेनं किडावानं डोळे उघडले. सगळ्या बायका तिच्या पायाकडे बघत होत्या. तिनंही पाहिलं. हीर तिच्या अंगठ्यात रुतून धनुष्यासारखा वाकला होता.

"वहिनी..." ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा किडावाला पुढचा शब्द सापडला नाही.

म्वाकानं मेंदीची नळी खाली ठेवली, कुबडी ओढली आणि उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "नवरी एका हातानं लग्न करेल."